प्रकल्प ठेवा, फाइल काढून टाका

जानेवारी उजाडला की बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा येतात आणि त्यांच्या मागोमाग एक वाद येतो: गणिताला प्रकल्प आणि प्रात्यक्षिकाचे गुण हवेतच कशाला? एक बाजू म्हणते, हे फुकटचे गुण आहेत. वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांना वीसपैकी अठरा-एकोणीस पडतात, एकाचं जर्नल दहा जण उतरवतात आणि आता तर चॅटजीपीटी आहे. तेव्हा हे बंद करा आणि शंभर गुणांचा लेखी पेपर घ्या. दुसरी बाजू म्हणते, लेखी पेपरने घोकंपट्टी वाढते, प्रकल्पाने सर्जनशीलता फुलते. तेव्हा गुण राहू द्या. भांडण दोन्हीकडून गुणांचंच आहे. त्या काही आठवड्यांत विद्यार्थी नेमकं कोणतं गणित करतो, प्रश्न कुठून आला, तो कोणी निवडला, याबद्दल कोणीच बोलत नाही. माझी भूमिका आधीच सांगतो. बारावीच्या गणिताला प्रकल्प हवा. मात्र तो वर्षाला एकच असावा, त्यातला प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः शोधलेला असावा आणि सगळे गुण त्याने फळ्यापाशी उभं राहून जे सांगितलं त्याला असावेत. सजवलेल्या, बांधलेल्या फाइलला एकही गुण नको.

आज चित्र याच्या नेमकं उलट आहे. राज्य मंडळाच्या विज्ञान शाखेत गणिताला ८० गुण लेखी आणि २० प्रात्यक्षिकाचे. सीबीएसईतही ८० आणि २०. त्या २० पैकी १० चाचण्यांचे आणि १० ‘गणिती कृतीं’चे. आयएससी मंडळाच्या बारावीत २० गुणांसाठी दोन प्रकल्प. सीबीएसईच्या त्या १० गुणांची फोड पाहिली की व्यवस्थेला काय महत्त्वाचं वाटतं ते कळतं: वर्षभराच्या नोंदींना ५, वर्षअखेरीला करून दाखवलेल्या कृतीला ३ आणि तोंडी परीक्षेला २. म्हणजे ज्या भागात नक्कल सर्वांत सोपी, त्याला सर्वांत जास्त गुण; आणि ज्या भागात विद्यार्थ्याला कळलंय की नाही हे पाच मिनिटांत उघड होतं, त्याला सर्वांत कमी. मुलांनी या गुणदानाचा अर्थ बरोबर ओळखला आहे. शाळा-कॉलेजांजवळच्या स्टेशनरीच्या दुकानांत तयार प्रकल्प मिळतात ते उगाच नाही.

आणि त्या नोंदवहीत असतं तरी काय? एनसीईआरटी या पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या बारावीच्या कृतींतली एक घ्या. एका प्रतलातल्या रेषांमधला ‘लंब असणे’ हा संबंध तपासायचा. पहिली रेषा दुसरीला लंब असेल तर दुसरी पहिलीला असतेच. पण कोणतीही रेषा स्वतःला लंब नसते, आणि पहिली दुसरीला व दुसरी तिसरीला लंब असली तर पहिली तिसरीला लंब नसते, समांतर असते. सहावी-सातवीच्या मुलालाही हे कागदावर दोन-तीन रेघा ओढून दिसतं. कृतीत मात्र त्यासाठी प्लायवूड आणायचं, खिळे ठोकायचे, तारा ताणायच्या आणि शेवटी ‘पडताळा आला’ असं लिहायचं. उत्तर पुस्तकात आधीच छापलेलं आहे. वेगळं उत्तर येण्याची शक्यताच नाही. ज्या कृतीत चुकण्याची जागा नाही, तिच्यात शोधण्याचीही जागा नसते. विरोधक अशा कृतींना वेळेचा अपव्यय म्हणतात, आणि या बाबतीत मी पूर्णपणे त्यांच्या बाजूचा आहे.

त्यांचे इतर मुद्देही हलके नाहीत. शाळेच्या हातातले गुण निकाल किती फुगवतात, याचा अनुभव महाराष्ट्राने दहावीला घेतला आहे. २०१८ला दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेकडचे गुण काढून टाकले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, गुण परत आले आणि २०२०ला निकाल ९५.३० टक्के लागला. २०१९ला अभ्यासक्रम नवा होता आणि २०२०ला करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, हे धरूनही या आकड्यांकडे डोळेझाक करता येत नाही. सगळ्यांना सारखेच मिळणारे गुण कोणाला काय येतं हे सांगत नाहीत. मग ते गुण म्हणून ठेवायचे कशाला?

याहून वजनदार दाखला इंग्लंडचा आहे, आणि प्रकल्पाच्या समर्थकांनी तो टाळू नये. तिथे जीसीएसई ही सोळाव्या वर्षी द्यायची शालान्त परीक्षा १९८८पासून सुरू झाली आणि गणितातही ‘कोर्सवर्क’, म्हणजे लेखी पेपराबाहेर करायचं गुणांचं काम, आलं. कल्पना उत्तम होती: विद्यार्थ्याने एखादा प्रश्न घेऊन त्याचा पाठपुरावा करावा, नमुने शोधावेत, अंदाज बांधावा, तो सिद्ध करावा. २००६मध्ये गणितातलं कोर्सवर्क बंद करायचा निर्णय झाला. कारणं ओळखीची वाटतील. घरी कोणी मदत केली ते कळत नाही, इंटरनेटवर उत्तरं तयार मिळतात, शिक्षकच मुलांना गुणांच्या पायऱ्या पाठ करून देतात. एका प्रगत देशाने जवळजवळ दोन दशकं प्रयत्न करून जे सोडून दिलं, ते आपण एका वर्गात शंभर मुलं असताना का धरून बसावं?

हा प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर इंग्लंडच्याच अनुभवात आहे. तिथल्या कोर्सवर्कमधला एक गाजलेला प्रश्न असा: एका शेतकऱ्याकडे १००० मीटर कुंपण आहे, त्यात जास्तीत जास्त क्षेत्रफळ कसं बसेल? मुलं आधी आयत घेत, मग चौरस, मग सुसम पंचकोन, षट्कोन, आणि शेवटी वर्तुळ. पहिल्यांदा ज्या मुलाने हा प्रवास केला असेल त्याला खरा आनंद मिळाला असणार. पण हाच प्रश्न वर्षानुवर्षं देशभरातल्या मुलांना दिल्यावर तो शोध राहिला नाही, ठरलेल्या टप्प्यांचा निबंध झाला. प्रश्न वरून आला, सगळ्यांना एकच आला आणि त्याचं उत्तर शिक्षकाला, ट्यूशनला, मोठ्या भावाला आधीच ठाऊक होतं. त्याच देशात त्याच सुमारास, २००८पासून, सोळा ते अठरा वयाच्या मुलांसाठी ‘एक्स्टेंडेड प्रोजेक्ट’ ही स्वतंत्र पात्रता देशभर सुरू झाली. तिच्यात विषय विद्यार्थी निवडतो, काम कसं बदलत गेलं याची नोंद ठेवतो आणि शेवटी लोकांसमोर उभं राहून मांडतो. ती आजही चालू आहे. प्रकल्प या गोष्टीचाच इंग्लंडने त्याग केला असं म्हणणाऱ्यांनी गोष्टीचा अर्धाच भाग सांगितलेला असतो.

म्हणजे सगळं येऊन थांबतं ते प्रश्न कुठून येतो यावर. इथे एक उदाहरण सविस्तर घेतो, कारण ‘परिसरातलं गणित’ हे शब्द परिपत्रकांत इतके वापरले गेले आहेत की त्यांतून डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही.

सातारा, सांगली, नगर, कोल्हापूर पट्ट्यातल्या कुठल्याही गावात सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर रांग लागते. दुधाची फॅट आणि एसएनएफ (फॅट वगळता उरलेले घन घटक) तपासतात आणि दरपत्रकावरून लिटरचा भाव लागतो. गायीच्या दुधाला फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५ हा पाया धरतात. त्याच्या वर प्रत्येक पॉइंटला काही पैसे वाढ, खाली प्रत्येक पॉइंटला काही पैसे कपात. बारावीची एखादी विद्यार्थिनी आपल्या घरच्या महिनाभराच्या पावत्या घेऊन बसली तर तिच्यासमोर दोन चलांचं फल (फंक्शन) आपोआप उभं राहतं. फॅट स्थिर धरून एसएनएफ आडव्या अक्षावर आणि भाव उभ्या अक्षावर घेतला, तर आलेखाचा चढ ८.५च्या डावीकडे आणि उजवीकडे सारखाच आहे का? की कपातीचा दर वाढीच्या दरापेक्षा मोठा आहे? तो मोठा असेल तर आलेख ८.५ला तुटत नाही, पण तिथे त्याला कोपरा येतो. म्हणजे फल संतत आहे, पण त्या बिंदूपाशी त्याला विकलज (म्हणजे ठरावीक एकच चढ) नाही. पाठ्यपुस्तकात या गोष्टीसाठी केवळमूल्याचं तेच ते उदाहरण असतं, आणि मुलं ते ‘कोपऱ्यावर विकलज नसतं’ एवढं पाठ करून सोडून देतात. इथे त्या कोपऱ्याची किंमत घरात रोज मोजली जाते.

प्रश्न इथे संपत नाही. सकाळच्या दुधाची एसएनएफ ८.६ आणि संध्याकाळच्या दुधाची ८.४ लागली, दोन्ही वेळा दूध सारख्याच मापाचं, तर दोन्ही मिसळून घातल्यास पैसे जास्त मिळतील की वेगवेगळं घातल्यास? कपातीचा दर वाढीपेक्षा जास्त असेल तर मिसळून घालणं फायद्याचं, आणि त्याचं कारण आलेखाच्या वक्रतेत आहे. हे तिने सिद्ध केलं तर बहिर्वक्र आणि अंतर्वक्र (खाली आणि वर फुगलेल्या आलेखांच्या) फलांतला फरक तिला कळला, मग तिने ते शब्द वापरोत वा न वापरोत. दोन वेळचं दूध प्रत्यक्षात एकत्र घालता येतं का, तोपर्यंत ते टिकतं का, केंद्र ते घेतं का, हे प्रश्न गणिताच्या बाहेरचे. पण प्रतिमान आणि वास्तव यांत अंतर असतं हे कळण्यासाठी यापेक्षा चांगली जागा नाही.

गावात दूध, तर शहरात विजेचं बिल. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यापुढे चौथा. ‘शंभराच्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल महागाच्या दराने येतं’ असं मानणारे सुशिक्षित लोक मला सतत भेटतात. घरच्या बारा बिलांवरून हा समज खोटा आहे हे दाखवणं हा सोपा, पण अस्सल प्रकल्प आहे.

आता सर्वांत तात्त्विक आक्षेप. गणित हे प्रयोगाचं शास्त्र नाही, सिद्धतेचं आहे. मोजमापं आणि आलेख करून विद्यार्थी गणितापासून लांबच जातो, असं चांगल्या गणितज्ञांकडूनही ऐकू येतं. निष्कर्षापुरतं हे खरं आहे: शंभर उदाहरणं पाहिली म्हणून प्रमेय सिद्ध होत नाही. पण प्रमेय सुचतं कुठून? देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर आयुष्यभर आकड्यांशी खेळत राहिले. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा. असं पुन्हा पुन्हा केलं की जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. १९४९मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडलं. कापरेकरांवरचे शाळा-कॉलेजातले प्रकल्प मी बरेच पाहिले आहेत. त्यांत फोटो असतो, जन्म १९०५चा डहाणूचा ही नोंद असते, ६१७४ची दोन उदाहरणं असतात. ‘का?’ हा प्रश्न नसतो.

वास्तविक तो विचारायला बारावीचं गणितही लागत नाही. तीन अंकी संख्या घ्या. सर्वांत मोठा अंक a आणि सर्वांत लहान c असेल तर वजाबाकी नेहमी ९९(a − c) येते. मधला अंक कटून जातो. म्हणजे पहिल्याच पायरीनंतर फक्त नऊ शक्यता उरतात: ०९९, १९८, २९७ असं करत ८९१पर्यंत. त्या नऊही हाताने तपासता येतात आणि सगळ्या ४९५वर येऊन थांबतात. ही संपूर्ण सिद्धता झाली. मग दोन अंकी संख्यांचं काय? तिथे एकही संख्या थांबत नाही. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असं चक्र फिरत राहतं. तीन अंकांना थांबा आहे, दोन अंकांना चक्र आहे, मग पाच अंकांना काय असेल? या क्षणी विद्यार्थी जे करतो आहे त्याला गणिताखेरीज दुसरं नाव नाही. आधी करून पाहणं, मग अंदाज, मग सिद्धता, मग सिद्धता कुठे मोडते ते पाहणं. लेखी पेपरात यातला फक्त तिसरा टप्पा येतो, तोही दुसऱ्याच्या अंदाजाचा.

मोजमापाला कमी लेखणाऱ्यांनी आपल्याच देशातला एक मोठा वाद आठवावा. शेतातलं उत्पन्न किती याचा अंदाज घेण्यासाठी नमुन्याचा तुकडा कापून तोलायचा, तर तुकडा केवढा घ्यायचा? प्रशांतचंद्र महालनोबिसांनी बंगालमध्ये लहान वर्तुळाकार तुकडे घेतले. त्यात वेळ आणि खर्च वाचत होता. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी दाखवलं की तुकडा फार लहान असला की उत्पन्नाचा अंदाज फुगतो. कारण ऐकायला अगदी साधं आहे: सीमेवरची रोपं आत धरायची की बाहेर, या संशयात कापणारा माणूस ती आत धरतो, आणि तुकडा जितका लहान, तितका त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने परीघ मोठा. भारतीय संख्याशास्त्रातल्या दोन दिग्गजांचा वाद ज्या मुळावर उभा होता ते परीघ आणि क्षेत्रफळाचं गुणोत्तर आठवीच्या पुस्तकात आहे. आजही पीक कापणी प्रयोग होतात, त्यावर पीक विम्याची भरपाई ठरते, पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, ५० पैशांच्या खाली गेली की दुष्काळाची चर्चा सुरू होते. विदर्भ-मराठवाड्यातल्या बारावीच्या मुलाला हे शब्द घरात ऐकून माहीत असतात. त्यामागचं गणित आपल्या हाती असलेल्या पुस्तकात आहे, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

विषमतेच्या आक्षेपाचं उत्तरही यातच आहे. आई-वडील इंजिनीअर असलेल्या मुलाचा प्रकल्प नेहमीच देखणा होणार, गरीब घरातल्या मुलीचा मागे पडणार, हे आज खरं आहे. खरं आहे कारण आज देखणेपणाला गुण आहेत: रंगीत छपाई, स्पायरल बाइंडिंग, थर्माकोलचं मॉडेल. प्रश्न घरच्या व्यवहारातून आला आणि गुण समजुतीला असले, तर दुधाच्या पावत्या, बाजार समितीतल्या कांदाविक्रीच्या हिशेबपट्ट्या, बचत गटाचं हप्त्यांचं पुस्तक ज्या घरात आहे त्या घराकडे साहित्य जास्त आहे. विषमता यामुळे नाहीशी होणार नाही. शंभर गुणांच्या लेखी पेपराने तरी ती कुठे नाहीशी होते? लाखभर रुपयांच्या क्लासची फी भरणारा आणि न भरू शकणारा याच पेपराला बसतात.

चॅटजीपीटीने प्रकल्पाचा शेवट केला, हे विधान फाइलपुरतं बरोबर आहे. कुंपणाच्या प्रश्नावर वीस पानं ते क्षणात लिहून देतं. उद्या दुधाच्या खोट्या पावत्याही बनवून देईल. म्हणूनच मी फाइल काढायला सांगतो आहे. विद्यार्थ्याला फळ्यापाशी उभं करा आणि विचारा: कपातीचा दर निम्मा केला तर हा कोपरा कुठे जाईल? काढून दाखव. ज्याला हे काढता आलं त्याने मदत कुठूनही घेतलेली असो, त्याला गणित आलेलं आहे. ज्याला आलं नाही त्याची फाइल कोणी लिहिली याची चौकशी करण्याचीही गरज नाही.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि शिक्षकांची ही तक्रार मला सर्वांत खरी वाटते. ऐंशी मुलांच्या तुकडीत प्रत्येकाची स्वतंत्र तोंडी नीट घेणं अशक्य आहे. पण चार-चार जणांचे गट केले तर वीस गट होतात. गटाला वीस मिनिटं दिली तर ४०० मिनिटं, म्हणजे सात तासांच्या आत. आज जर्नलच्या पानापानावर सह्या करण्यात याहून जास्त वेळ जातो. गटातल्या कोणाला फळ्यावर बोलवायचं हे ऐन वेळी परीक्षकाने ठरवायचं, म्हणजे चौघांनाही तयारी करावीच लागेल. परीक्षक शेजारच्या कॉलेजातला असावा. प्रश्न दिवाळीच्या सुट्टीआधी शिक्षकाकडून मान्य करून घ्यावा, सुट्टीत माहिती गोळा व्हावी, आणि सोबत हाताने लिहिलेली दोन पानं असावीत: आधी काय वाटलं होतं, काय निघालं. दोन पानांपेक्षा जास्त काही स्वीकारूच नये.

एक अडचण मात्र प्रकल्पाच्या आराखड्याने सुटणार नाही. अभियांत्रिकीचा प्रवेश सीईटीवर ठरतो, त्यामुळे विज्ञान शाखेची असंख्य मुलं कॉलेजात नावापुरती असतात आणि दिवसभर क्लासमध्ये. २०१८मध्ये सरकारने मोठ्या शहरांत अकरावी-बारावी विज्ञानाला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली, तरी कॉलेज आणि क्लास यांच्या संगनमताची ही ‘इंटिग्रेटेड’ व्यवस्था मोडली नाही. वर्गात नसलेल्या मुलाशी शिक्षक कोणत्या प्रश्नाबद्दल बोलणार? हा दोष प्रवेश पद्धतीचा आहे आणि तो तिथेच दुरुस्त व्हायला हवा. पण तालुक्याच्या ठिकाणच्या, वर्गात खरोखर बसणाऱ्या हजारो मुलामुलींना त्याची शिक्षा म्हणून प्रकल्पापासून तोडू नये.

या मुलांसाठी आणखी एक गोष्ट मंडळाने ताबडतोब करावी. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या किंवा गावच्या हायस्कुलात मराठीतून शिकलेली मुलगी अकरावी विज्ञानाला येते तेव्हा गणित एकाएकी इंग्रजीतून सुरू होतं. लेखी पेपर ती सरावाने निभावून नेते. तोंडीला परीक्षकाने इंग्रजीत प्रश्न विचारला की ती गप्प होते, आणि त्या गप्प बसण्याला आपण ‘संकल्पना कच्च्या आहेत’ असा शेरा देतो. दुधाच्या भावाचा आलेख कुठे वळतो आणि का वळतो, हे तिला मराठीत विचारा. गणिताची तोंडी परीक्षा विद्यार्थ्याने निवडलेल्या भाषेत घ्यावी, तीत इंग्रजी पारिभाषिक शब्द मिसळले तरी चालतील, आणि भाषेसाठी एकही गुण कापू नये, एवढं लेखी स्वरूपात प्रत्येक परीक्षकाच्या हातात पडलं पाहिजे, आणि तेही येत्या प्रात्यक्षिकांच्या आधी.